आंघोळीचा पहिला नंबर

दुसऱ्याचा बंगला बघून माणसाच्या पोटात दुखतं, दुसऱ्याची गाडी बघून दुखतं, हे आपण सगळेच जाणतो. पण दुसऱ्याच्या बादलीतून निघणारी वाफ बघूनसुद्धा पोटात दुखू शकतं, हे मुरगूडच्या आक्कांना सत्तरी ओलांडल्यावर कळलं. हसू नका मंडळी, आज ना उद्या आपल्यालाही तिथंच जाऊन बसायचं आहे.

कोल्हापूरच्या कडेला, शिरोली एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक वृद्धाश्रम आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, हे तिथलं झालं, आमच्याकडं असलं काही नसतं. बायकांच्या खोलीत नऊ खाटा, आणि रोज सकाळी त्या नऊ जणींना आंघोळ घालायला निशिगंधा एकटी. गच्चीवर सोलर होता, पण थंडीच्या दिवसांत पहिल्या तिघी-चौघींना कढत पाणी मिळायचं, नंतरच्यांना कोमट, आणि शेवटच्या बाईला सरळ नळाचं गार. ते गार पाणी बहुतेक वेळा आक्कांच्या अंगावर पडायचं.

आणि पहिली कढत बादली कुणाची? तर शेजारच्या खाटेवरच्या चन्नम्माची. रोजची. उजाडायच्या आत निशिगंधा यायची, चन्नम्माला हाताला धरून न्हाणीत न्यायची. चन्नम्मा न्हाऊन यायची, कपाळाला विभूती लावायची, इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायची. आक्का गोधडीतून एका डोळ्यानं बघत राहायच्या आणि आतल्या आत धुमसायच्या.

एक दिवस त्यांनी निशिगंधाला गाठलंच. "काय गं, रोज हिचाच नंबर पहिला? आमी काय फुकट ऱ्हातोय काय हितं?"

"तसं न्हाय ओ आक्का. त्यास्नी लिंगपूजा करायची असती. त्याबिगार पोटात अन्नाचा कण घेत न्हाईत त्या."

"पूजा धा वाजता केली तर द्येव काय पळून जातोय?"

निशिगंधा रिकामी बादली उचलून न्हाणीकडं वळली. तिला अजून आठ जणी उरकायच्या होत्या.

आता खरं सांगायचं तर आक्कांचं दुखणं गरम पाण्याचं नव्हतंच. जन्मभर त्यांनी पहाटे विहिरीच्या पाण्यानं आंघोळी केलेल्या. दुखणं होतं रविवारचं. दर रविवारी गडहिंग्लजहून चन्नम्माचा मुलगा रुद्रेश यायचा. त्याचं किराणा दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, जिना असा उभा की आईचे गुडघे गेल्यावर तिला तिथं ठेवणं जमेना, म्हणून तिला इथं आणलेलं. पण एक रविवार चुकवेल तर शपथ! यायचा, चप्पल दाराबाहेर काढायचा, आणि "अव्वा" म्हणत खाटेवर मांडी घालून बसायचा. आईच्या पायाची नखं कापायचा. डोक्याला तेल लावायचा. मायलेक कानडीत काय बोलायचे कुणास ठाऊक, पण हसायचे मात्र खूप. आणि आक्का भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायच्या.

आक्कांनाही मुलगा होता की. यशराज. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, आश्रमापासून गाडीनं पाव तासावर. तो यायचा कधीतरी. दारातच उभा राहायचा, एका हातात फोन. "बरी हायस न्हवं? काय लागलं तर सांग," म्हणायचा आणि आक्कांनी सांगायच्या आत निघायचा. गडहिंग्लजचा माणूस दर आठवड्याला येतो आणि शिरोलीचा येत नाही, ही गोष्ट आक्कांना बाभळीच्या काट्यासारखी सलत होती. पण हे कुणाला बोलून दाखवायचं? त्यापेक्षा पाण्यावरून भांडणं सोपं.

शेवटी त्यांनी मुलाला फोन लावला. "यशराज, तुझी आई हितं गार पाण्यानं न्हात्या. त्या चन्नम्माचा पोरगा येतोय-जातोय म्हणून तिची समदी बडदास्त. माझ्या मागं कोण हाय?"

शेवटचं वाक्य यशराजला लागलं असावं. दुसऱ्याच दिवशी तो आला आणि दारात न थांबता आत आला. हातात निशिगंधासाठी नवी साडी आणि कंदी पेढ्यांचा बॉक्स. "आमच्या आईकडं जरा बघा," म्हणाला. निशिगंधा नको नको म्हणाली, आणि शेवटी घेतलं. आपण तिला नावं ठेवू, पण आधी आपल्यापैकी किती जणांनी दवाखान्यात, कचेरीत, शाळेत असंच काहीतरी पुढं सरकवलं आहे ते आठवावं. आपल्याला ती लाच वाटत नाही, आपल्याला ती माया वाटते.

दुसऱ्या दिवसापासून पहिली बादली आक्कांची. आणि चन्नम्मा? कुणाला तरी मागं जावंच लागणार होतं. ती कधी तक्रार करायची नाही, म्हणून ती थेट शेवटी गेली.

त्या दिवशी आक्का काय खुशीत! न्हाऊन, केस मोकळे सोडून अंगणात उन्हाला बसल्या आणि येईल-जाईल त्याला ऐकवू लागल्या. "माझ्या यशराजनं साडी आणली. माझ्या यशराजनं सांगितलं, आईला पहिलं बघायचं. करतोय पोरगा माझं, करतोय."

पुरुषांच्या बाजूला राहणारे आकाराम तिथंच काठी टेकून बसले होते. सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस, बोलायला सरळ. ते म्हणाले, "नंबर लागला म्हणं तुमचा."

"लागला की. पोरानं लावला."

"काट्यावर लई बगितलं मी ह्ये. कोण तर यायचं, हातात कायतरी कोंबायचं, आपली उसाची गाडी पुढं घ्यायचं. त्याला वाटायचं, कारखान्याला गंडवलं. कारखान्याचं काय वाकडं व्हईत न्हवतं, आक्का. मागं थांबलेल्याचा ऊस वाळायचा. तुमचं पाणी गरम झालं, पर गच्चीवरचा सोलर काय मोठा झाला न्हाय. कुणाचं तरी पाणी गार झालंच आसंल की."

आक्कांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमी तुमचं बघा. जलमभर समद्यांची जेवणं झाल्यावर जेवलो मी. ह्या वयात एकदा पहिला नंबर आला तर तुमच्या का पोटात दुखतंय?"

"माज्या न्हाय दुखत. आवो, भांडायचंच आसंल तर दोघी मिळून हापिसात जावा. नऊ बायकांस्नी एकच पोरगी का, ते इचारा. ते सोडून एकमेकीच्या बादल्या काय वढताय?"

"लई शिकवू नगासा," असं म्हणून आक्कांनी पाठ फिरवली.

पण मंडळी, पाठ फिरवली तरी शेजारची खाट दिसायची ती दिसतच होती. सकाळी चहा यायचा, चन्नम्मा तो तसाच ठेवायची. मग निशिगंधा गोळ्या वाटत यायची. चन्नम्माला साखरेचा आजार, नाश्त्याआधीची गोळी ठरलेली. औषधाला सोवळं-ओवळं नसतं असं म्हणून ती पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची. मग नाश्ता यायचा. तो मात्र ताटलीनं झाकून खाटेखाली सारायची, आणि आंघोळीचा नंबर यायची वाट बघत बसायची. दहा वाजायचे, कधी त्याहून उशीर व्हायचा. गोळी पोटात आणि अन्न खाटेखाली! निशिगंधाला मागं वळून बघायला सवड नव्हती. बघणारं माणूस एकच होतं, शेजारच्या खाटेवर.

आक्कांना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी चन्नम्माचा हात कापताना दिसला. तिसऱ्या दिवशी भर थंडीत तिच्या कपाळावर घाम दिसला. "काय गं, बरं न्हाय काय?" एवढे शब्द आक्कांच्या ओठावर आलेही होते. पण विचारलं तर कारण बोलायला लागलं असतं, आणि कारण बोललं तर पहिला नंबर गेला असता. नंबर गेला असता म्हणजे यशराजनं आईसाठी केलेली ती एकुलती एक गोष्ट गेली असती. आक्का केस विंचरत राहिल्या.

चौथ्या दिवशी चन्नम्मा न्हाणीच्या दाराशी उभी होती, खांद्यावर टॉवेल. काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, मराठी नाही, कानडीही नाही. मग भिंतीला घासत खाली बसली आणि आडवी झाली.

निशिगंधा धावली. व्यवस्थापक क्रांतीताई ऑफिसातून पळत आल्या. "काय झालं? पडल्या का? नाश्ता केला होता ना यांनी?"

"केला की. मी सोता दिलता," निशिगंधा म्हणाली.

"मग प्रेशर असेल. पाय वर धरा, डॉक्टरांना फोन लावा!"

आक्का खाटेच्या कडेला उभ्या होत्या. काय झालंय ते त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होतं. बोललं तर सगळं उघडं पडणार होतं, साडी, पेढे, यशराज, आणि चार दिवस गप्प बसलेल्या त्या स्वतः. न बोलता राहिलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. समोर चन्नम्माचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"खाल्लं न्हाय तिनं!" आक्का ओरडल्या. "गोळी घेतल्या आन खाल्लं न्हाय! चार दिवस झालं. साखर आणा, साखर!" आणि स्वतःच गुडघे टेकून बसल्या, चन्नम्माचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी आणलेली साखर बोटानं तिच्या गालाच्या आतून लावू लागल्या. डॉक्टर आले, सुई दिली. थोड्या वेळानं चन्नम्मानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बाई हाताला लागली नसती.

रविवारी रुद्रेश आला. त्याच दिवशी आक्कांनी यशराजलाही बोलावून घेतलं होतं. क्रांतीताई होत्या, निशिगंधा दाराशी मान खाली घालून उभी होती, आकारामही काठी टेकत येऊन बसले होते. आक्का उभ्या राहिल्या.

"रुद्रेश, तुज्या आईचा नंबर माज्या पोरानं काढून घेतला. मीच लावला त्याला. आन तिचा हात कापतोय, तिला घाम फुटतोय, ह्ये मला दिसत हुतं. मी गप बसलो. तू दर रविवारी येतोस आन माझं कोण येत न्हाय, म्हणून जळत हुतो मी तिच्यावर. काय म्हणायचं ते म्हण."

रुद्रेश आईचा हात धरून तिच्याकडं वळला. यशराज मात्र लालबुंद झाला, "आई, हे काय सगळ्यांसमोर..." म्हणू लागला.

तेवढ्यात चन्नम्मा उशीला टेकून म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?" आक्कांनी विचारलं.

"साडी दिली त्ये. नंबर का गेला त्ये. समदं."

"मग बोलली का न्हाईस? मरायला टेकली हुतीस की!"

चन्नम्मा म्हणाली, "तुझा ल्योक पहिल्यांदाच तुझ्यासाठी कायतरी घेऊन आलता. दिवसभर तू समद्यांस्नी सांगत हुतीस, माझ्या यशराजनं आणलं म्हणून. तुझं त्वांड बगून मला बोलवंना."

आक्का चन्नम्माच्या खाटेवर टेकल्या. जिचा हेवा करण्यात त्यांनी सगळी थंडी घालवली, ती बाई त्यांचं सुख मोडू नये म्हणून उपाशी बसली होती. पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आणि चन्नम्मा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

क्रांतीताई म्हणाल्या, "आक्का, तुमच्याएवढीच माझी चूक आहे. एका मुलीवर नऊ जणी सोपवून मी ऑफिसात निवांत बसले. गोळी दिली हे बघितलं, खाल्लं का हे कुणी बघितलं नाही." त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही. सकाळच्या कामाला निशिगंधाच्या जोडीला आणखी एक बाई आली. कुणा एकीच्या नावानं भेट घ्यायची नाही असं ठरलं. आणि आंघोळीचा क्रम आता कुणाचा मुलगा येतो त्यावर नाही, कुणाची गरज काय आहे त्यावर लागतो.

यशराज जायला निघाला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "आई, पुढच्या वेळी काय आणू?"

"काय आणू नगंस," आक्का म्हणाल्या. "बस जरा."

तो बसला. फोन खिशात टाकला, आणि बराच वेळ उठला नाही.

मंडळी, आपलं माणूस आश्रमात ठेवलं म्हणून कुणी वाईट होत नाही. पण तिथं गेल्यावर फक्त आपल्या माणसाचा नंबर पुढं लावून घेणं म्हणजे काळजी नव्हे. तो नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या हातून ओढून घेतलेला असतो. सेवा कमी पडत असेल तर सगळ्यांसाठी मागा, सगळ्यांसाठी भांडा. आणि पुढच्या वेळी आईला भेटायला जाल, तेव्हा शेजारच्या खाटेपाशीही दोन मिनिटं थांबा आणि एवढंच विचारा, "आज्जी, जेवलासा काय?"