पस्तीस अंशांचा चहा

अश्विनी मला आधी आवाज म्हणून आठवते. वैशाखातल्या दुपारी वसतिगृहाच्या जिन्यात, जिथली भिंत जरा निवलेली असे, ती सूत्रं म्हणत पायऱ्या चढायची आणि उतरायची. “इंटिग्रेटिंग फॅक्टर, ई रेज टू इंटिग्रल पी डीएक्स…” बाहेर कडुनिंबात होला पक्षी घुमायचा. दोन्ही आवाजांत उत्तराची अपेक्षा नव्हती.

ती साखरखेर्ड्याची. घरचा भाजीचा मळा. मेथीच्या जुड्या बांधून बोटांना पडलेलं वळण पेन धरतानाही जात नसे. पहिल्या वर्षाचं गणित दोनदा राहिलेलं, ही तिसरी खेप. विषय निघाला नाही तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही. “मंग घरी ये,” एवढंच तिचा भाऊ फोनवर म्हणाला होता.

आमच्याकडे गणित शिकत नाहीत, पाठ करतात. झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेल्या उदाहरणांचा गठ्ठा मिळतो, त्याला सगळे ‘सेट’ म्हणतात. परीक्षेत हीच उदाहरणं येतात, क्वचित आकडे बदलून. पोर्शन संपवण्याची घाई असलेले सरही फळ्यावर तोच उतरवून देत. अश्विनीला मात्र एक वाईट खोड होती. ती मध्येच विचारायची, “काऊन?”, म्हणजे ‘का?’. वर्ग हसायचा, आणि तिचा वर गेलेला हात केस सारखे करण्याचं निमित्त करून खाली यायचा.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना ती चहाचा स्टीलचा पेला हातात घेऊन पायरीवर बसली होती. वाफेकडे बघत म्हणाली, “वं, हा पयले झपाट्यानं थंड होते, मंग हळूहळू. काऊन?”

मी तिची खोलीमैत्रीण, वर्गात पहिली येणारी. म्हणाले, “हेच तर सेटमधलं ते न्यूटनचं समीकरण. खोली आन् चहा यांच्या तापमानातलं अंतर जसं कमी होते, तसा वेगही कमी होते.”

ती थबकली. “म्हंजे खोलीच्या खाली हा जाणारच नाही?”

“नाही.”

“त्या न्यूटनले बी कोनी चहा गरम देला नसन वं!” ती एवढ्या मोकळेपणानं हसली की पेला हिंदकळला. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो उजेड आला, तो मी कुठल्याही वर्गात पाहिलेला नाही. मग ती हळूच म्हणाली, “हे दोन वर्षं कोनी सांगितलं काऊन नाही?”

आणि मी काय म्हणाले? “समजून घ्याले टाइम नाही आता. डोकं नको चालवू, सेट पाठ कर.” तिने मान डोलावली. तो उजेड मी माझ्या हातांनी मालवला.

परीक्षेला तेच, निवणाऱ्या चहाचं उदाहरण आलं. सेटमध्ये खोली वीस अंशांची होती, उत्तर पस्तीस. पेपरात खोली चाळीसची होती. पत्र्याच्या छताखालून ती घामेजून बाहेर आली, तोंड उतरलेलं.

“मले पन्नास आलं होतं.”

“बरोबर आहे की!”

“खोडलं. पस्तीस लिहिलं.”

“काऊन वं?” तिचा शब्द पहिल्यांदाच माझ्या तोंडी आला.

“सेटमंदी पस्तीसच होतं. माह्यं कसं बरोबर येईन?”

चाळीस अंशांच्या खोलीत पस्तीस अंशांवर उतरलेला चहा! असं होत नाही हे तिला ठाऊक होतं. पेला हातात धरून तिने स्वतःच ते ओळखलं होतं. पण छापील कागदापुढे आपली बुद्धी खोडायला तिला कुणी शिकवलं? विद्यापीठानं, सरांनी, झेरॉक्सवाल्यानं? यादी करणं सोपं आहे. त्या यादीत माझं नाव लिहिल्याशिवाय मला बोलण्याचा हक्क नाही.

तीन गुणांनी विषय राहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती एसटीने गेली. गादी गुंडाळलेली होती, सेट खिडकीत ठेवलेला होता, आणि जिन्यात होल्याचा आवाज एकटाच येत होता.

काळ प्रत्येक ऊब भोवतालाइतकी निववत नेतो, पण पुरती कधीच नाही, थोडं अंतर उरतंच, असं ते समीकरण सांगतं. त्या उरलेल्या अंतरात अश्विनी अजून पायरीवर बसली आहे, हातात पेला आहे, आणि ‘कोनी सांगितलं काऊन नाही?’ या तिच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.