निळा शिक्का

"आठ दिवस झाले, घरात बूट घालून हिंडतेस. घर हाय का एसटी स्टँड?"

सुमतीने वर न बघताच विचारलं. पुढ्यात मोड आलेले वाल होते आणि तिची बोटं सालं काढत होती. दिपा, तिची धाकटी सून, स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली.

"नवे आहेत, आई. पायाला सवय नाही झाली तर डोंगरात फोड येतात."

"करंज्याच्या बंदरातून सुकी मासळी डोक्यावर घेऊन मी गावोगाव फिरले. माझ्या पायाला कोणी सवय लावली नाय."

"म्हणून तर तुमच्या टाचा अशा आहेत."

सुमतीला हसू आलं. ते तिने सालांबरोबर सुपात टाकलं.

विचुंब्यातल्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडाळलेली चटई, कपाळाला बांधायचा दिवा, रेनकोट, औषधांचा डबा. नवरा गणू वारल्यावर दिपा रविवारी लोकांना प्रबळगडावर घेऊन जाऊ लागली होती. दमेल आणि बसेल घरी, असं सुमतीला वाटलं होतं. ती बसली नाही. आता उत्तराखंडातल्या एका कंपनीने तिला उन्हाळ्याच्या हंगामासाठी त्याच कामाला बोलावलं होतं. थोरला दीर बाळू कळंबोलीहून येऊन दोन तास बोलला आणि शेवटी म्हणाला, तीन महिने, वर एक दिवस नाही.

कपाटावर प्रवासाचा कागद चिकटवला होता. सुमती तिसरीपर्यंत शिकलेली. आकडे तिला बरे लागत. रविवारची पनवेलहून दिल्लीची गाडी, पुढे बस, मग डोंगरात न्यायच्या लोकांच्या तुकड्यांच्या तारखा.

"परतीची गाडी कुठे लिवलीस?"

"ती तिथूनच काढेन. जूनचं बुकिंग अजून सुरू झालं नाही."

हे बोलताना दिपा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती.

मग ती भरलेली सॅक पाठीवर घेऊन गच्चीपर्यंत चार जिने चढून आली. सकाळपासूनची ही तिसरी खेप. सॅक टेकवून तिने कंबर धरली.

"कोणी भरली ती?"

"मीच. व्हिडिओत बघून."

"जड ते सगळं तळाला कोंबलंस. तळाचं ओझं माणसाला मागे ओढतं. जड ते पाठीला चिकटून पायजे, खांद्याच्या जवळ. जा, आंघोळ करून घे. मी भरते."

दिपा क्षणभर घुटमळली. "राहू दे ना, आई. मी करते नंतर."

"तीस वर्षं पाटी वायली मी. जा."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला. सुमतीने एकेक वस्तू काढून चादरीवर मांडली. अगदी तळाशी, स्वेटरच्या घडीत, प्लास्टिकची फाइल होती. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लग्नाची नोंद, गणूच्या मृत्यूचा दाखला. सगळी अक्षरं तिला लागली नाहीत. तिने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. झेरॉक्समध्ये शिक्का काळा येतो. हे सगळे निळे होते.

कंपनीला लागणाऱ्या झेरॉक्स दिपाने मागच्याच महिन्यात पाठवल्या होत्या. तीन महिन्यांसाठी जाणारी बाई अस्सल कागद बरोबर नेत नाही.

सुमती तिथेच भिंतीला टेकून बसली. गुडघे दुखत होते, ते तिने चोळले. मग फोन उचलून बाळूचं नाव काढलं. तो अर्ध्या तासात आला असता, ओरडला असता, फाइल त्याने आपल्या कपाटात टाकून कुलूप लावलं असतं. दिपा राहिली असती. संध्याकाळी वालाचं बिरडं दोघींनी खाल्लं असतं, उद्याही, परवाही.

पाण्याचा आवाज थांबला. सुमतीने फोन पालथा ठेवला.

दिपा केस पुसत बाहेर आली तेव्हा सॅक भरून भिंतीला उभी होती आणि सुमती पुन्हा वाल सोलत होती. दिपाने सॅक पाठीवर चढवली. ती अंगाला बसली. मग उतरवून तिने खाली हात घातला, स्वेटर चाचपला आणि तशीच थांबली.

"पाठीकडच्या कप्प्यात हाय. पिशवीत गुंडाळलंय. तळाला ओल लागली असती."

दिपा खाली बसली. तिने सुपातलं एक साल बोटांत फिरवलं.

"वर्षभराचं काम आहे तिथे. राहायला खोली देतात. मी सांगणार होते, आई."

"कधी? जूनमध्ये?"

"भाऊजींना फोन केलात?"

"नाय."

सुमतीने सूप बाजूला सारलं, जमिनीवर हात टेकून ती उठली आणि तिने पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"कष्टाला तू पक्की हायस, खोटं बोलायला कच्ची. रविवारी बाळूला मीच स्टेशनवर बोलवते. वर्षाचं काम हाय, हे त्याच्या तोंडावर सांगायचं आणि मग गाडीत चढायचं. माझी सून चोरासारखी घर सोडत नाय."