चौथ्यांदा उचललेला रूळ

“‘या रुळांसाठी ज्यांनी प्राण वेचले’... कसं वाटतं, वल्लरी? काकांना शोभेल ना?” पितळी पाटीवरचं प्लास्टिक सोलत निशांतने विचारलं.

“वेचले नाहीत,” वल्लरी म्हणाली. “गेले.”

“अगं, अर्थ तोच.”

“तोच नाही.”

निशांतने उरलेलं प्लास्टिक सोललं. पाटी कोरून झाली होती. हिरव्या रंगाने चकाकणाऱ्या रेल्वेच्या डब्यावर ती बसवून, वर मखमली पडदा टाकून तो पाहुण्यांकडे वळला. वल्लरीची आई शैला शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, “नको गो वाद घालू. त्यांचां नाव खंय तरी ऱ्हवांदे.”

 आईला नाव हवं होतं. तिला हवं होतं ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

ओमानमधल्या इब्रीपलीकडच्या डोंगरातल्या जुन्या दगडखाणीचा हा रेल्वेफाटा. अरुंद रूळ, माल वाहणाऱ्या छोट्या वाघिणी. ट्रक आले तसा तो वाळूत गडप झाला. राजधानीतल्या कुरुमच्या ऑफिसांतल्या काही हौशी लोकांनी तो पुन्हा उकरायला घेतला. दर शुक्रवारी ओमानी, हिंदुस्थानी, गोरे सगळे यायचे, आणि दुपारी एकाच चटईवर बसून जेवायचे. निशांत त्यांचा पुढारी.

वल्लरीचे बाबा दयानंद तेरवणकर इब्रीतल्या गॅरेजात फिटर होते. आठवडाभर अर्बाब, म्हणजे मालक, ‘यल्ला’ म्हणेल तसं उठायचं आणि ‘खलास’ म्हणेल तेव्हा बसायचं, यात त्यांचं अर्धं आयुष्य सरलं. शुक्रवार मात्र त्यांचा स्वतःचा. सुट्टीलासुद्धा घरात टिकत नाहीत म्हणून वल्लरी फोनवर कुरकुरायची, तेव्हा ते हसायचे. “थंय माका कोण कामाक लावणां नाय गो बाय. मी आपसूक जातंय.”

रूळ उचलताना हाळी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. दहाबारा माणसं रुळावर वाकली की ते ओरडत, “हां, घ्या... हैश्शा!” सगळे एकदम उचलत, आणि त्यांनी ‘सोडा’ म्हटल्याशिवाय कुणी हात सोडत नसे. सोडला तर दुसऱ्याच्या पायावर जाणार. हाळी देणाऱ्याने मध्येच सावलीला जायचं नसतं.

जुलैतल्या एका शुक्रवारी ते तिथेच कोसळले. उष्माघाताने गेले. निशांतने तेव्हा रडत सांगितलं होतं, “काकांचाच हट्ट होता. तो रूळ त्या दिवशी बसला नसता तर सगळं काम अडलं असतं.” आईने ते खरं धरलं. हट्टी होतेच ते. वल्लरीनेही धरलं. गेले तीन-चार महिने ती बापावरच रागावून होती.

मंडपात खुर्च्या भरल्या. आईला शाल आणि नारळ मिळाला. मग पडद्यावर फिल्म सुरू झाली. आभाळातून घेतलेली दृश्यं, पांढरा डोंगर, मागे बासरी. आणि एकाएकी बाबा. घामाने निथळलेले, तोंड उघडून हाळी देणारे. आवाज काढून टाकला होता, त्या जागी संगीत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पदराने डोळे टिपू लागली.

“देखा, बेटी?” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. तो मुनीर होता, फाट्यावर जड कामाला असलेल्या ठेकेदाराच्या मजुरांचा मुकादम. बाबांच्या मयतीला आला होता, म्हणून ती त्याला ओळखत होती.

“क्या देखा?”

“ये रेल तो सुबह ही लग गई थी.” तो खाली वाकला. “फिर निकाली. कॅमेरेवाला एक बजे आया. बोला, धूप में अच्छा दिखेगा. चार दफा उठवाई. चौथी दफा में दयानंदभाई गिर गए.”

“आणि तुम्ही? आप लोग?”

“हम तो छांव में थे, बेटी. गर्मी में दोपहर को मजदूर से काम लेना मना है, कानून है. मैंने बोला, दयानंदभाई को भी बिठाओ. निशांतसाब बोले, वो मजदूर थोडे ही हैं, वो तो अपनी मर्जी से आए हैं.”

वल्लरी आईकडे वळली. शेजारी आईचे हात थांबले होते. तिनेही ऐकलं होतं.

“आता काकांच्या नावाच्या डब्याचं अनावरण वल्लरी करेल,” माईकवरून निशांतचा आवाज आला.

ती डब्यापाशी गेली. पडद्याची दोरी तिच्यापुढे केली गेली. तिने ती धरली नाही.

“निशांत, तो रूळ सकाळीच बसला होता?”

“वल्लरी, नंतर बोलू ना—”

“होय की नाही?”

माईक चालूच होता. 

“फिल्मशिवाय परवानगी मिळाली नसती, देणगीदार मिळाले नसते,” निशांत पुटपुटला. “काका स्वतः ‘घेऊ या परत’ म्हणाले. मी जबरदस्ती केली का?”

“गॅरेजात मालकाने दुपारी उन्हात उभं केलं असतं तर मालकाला दंड झाला असता. तुम्ही त्यांना काका म्हणत होतात, म्हणून ते उभे राहिले. त्यांनी हट्ट केला नव्हता. तो तुम्ही त्यांच्या नावावर टाकलात. आम्हाला महिनोन्‌महिने खोटं सांगितलंत.”

निशांतने माईक बंद केला. मग कुणीतरी शिट्टी फुंकली, इंजिनाने धूर सोडला. पाहुणे डब्यात चढू लागले. पोरं खिडक्या पकडायला धावली. पहिल्या फेरीचं वेळापत्रक होतं, आणि झाला प्रकार सगळ्यांना लवकर मागे टाकायचा होता.

“थांबवा,” आई म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता, तरी ड्रायव्हरने हात मागे घेतला. ती डब्यापाशी आली आणि पडदा स्वतःच ओढला. पाटी बराच वेळ वाचली. मग मुनीरला म्हणाली, “पेचकस आसा काय तुमच्याकडे? पेचकस?”

मुनीरने खिशातून काढून दिला. मदतीला पुढे झालेल्या वल्लरीला तिने कोपराने बाजूला सारलं. स्क्रू नवे होते, सहज सुटत होते. शेवटचा अडला. निशांत “काकू, प्लीज” म्हणत होता. तिने मान वर केली नाही. पाटी हातात आली तेव्हा ओल्या रंगाचा एक पापुद्रा तिच्याबरोबर निघाला.

“आता सोडा तुमची गाडी,” ती म्हणाली.

शाल आणि नारळ खुर्चीवरच राहिले. मोटारीत बसल्यावर तिने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही तळवे दाबून धरले. सकाळपासून उन्हात राहिलेलं पितळ तापलेलं होतं. वल्लरीने एसी वाढवला, पदर मध्ये घे म्हणून सांगितलं. आईने हात काढले नाहीत.