उतारावरचा संघ

कॉलेजचं मैदान कललेलं होतं. लायब्ररीकडच्या टोकाला चेंडू ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकलं, की तेवढ्यात चेंडू कँटीनकडे निघून गेलेला असायचा.

फुटबॉल संघाने या उताराचं रीतसर शास्त्र केलं होतं. पाहुणा संघ आला की कॅप्टन अदबीने विचारायचा, "ऊन डोळ्यावर येईल तुमच्या. कँटीनकडची बाजू घेता का?" पाहुणे बिचारे आभार मानायचे. मग पहिल्या हाफमध्ये चेंडू नुसता सोडायचा, पुढचं तो बघून घ्यायचा. दुसऱ्या हाफमध्ये अकराच्या अकरा जणांनी आपल्या गोलसमोर जाऊन उभं राहायचं. या डावपेचाला संघात 'गर्दी' म्हणत.

कॅप्टनला सगळे तिरक्या म्हणायचे. इतकी वर्षं उतारावर पळून तो चालतानाही एका अंगाला झुकायचा. संघाच्या फोटोत मात्र तो एकटाच सरळ दिसायचा, कारण फोटोग्राफर त्याच्याकडे बघून कॅमेरा धरायचा.

हंगाम मात्र धड इकडचा ना तिकडचा असा चालला होता. घरी जिंकायचे, बाहेर सपाटून मार खायचे. सपाट जमिनीवर चेंडू थांबतो, हे पोरांच्या पचनीच पडत नव्हतं. मागच्या सामन्यात डावीकडचा गडी चेंडू सोडून थेट गोलपाशी जाऊन उभा राहिला, आणि वळून बघतो तर चेंडू होता तिथेच, वर समोरच्याचा पाय.

प्राचार्य मॅडमनी तिरक्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"जितके जिंकलात तितकेच हरलात. म्हणजे वर्षभर काही घडलंच नाही, असं झालं ना हे? शेवटचा सामना जिंकलात तर संघ राहील. नाहीतर मैदानावर स्टाफचं पार्किंग."

तिरक्या निर्धास्त होता. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता.

सोमवारी तो प्रॅक्टिसला आला, लायब्ररीपाशी चेंडू ठेवला, वाकून नाडी बांधली आणि मान वर केली. चेंडू जागेवरच होता. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. चेंडू ढिम्म. मैदान कसं, तर परातीसारखं सपाट.

तो तडक केबिनमध्ये गेला.

"मॅडम, मैदान..."

"सपाट करून घेतलं. कंत्राटदाराला गेल्या शनिवार-रविवारीच सवड होती."

"पण सामना शनिवारी आहे. आम्ही अजून हरलो कुठे?"

"अरे, मी कुठे म्हटलं हरलात? तयारी केलेली बरी. शिवाय आता तुम्हालाही बरं. आनंद नाही झाला तुला?"

आता 'आम्ही उतारामुळे जिंकतो' असं तोंडाने कसं सांगायचं? तिरक्या म्हणाला, "झाला ना मॅडम. फक्त त्या उताराला एक आपलेपणा होता."

संघाचे कोच म्हणजे संख्याशास्त्राचे सर. कोच निवडायच्या मीटिंगला ते उशिरा पोचले होते, म्हणून कोच झाले होते. त्यांनी मैदान पाहिलं, आकडेमोड केली आणि म्हणाले, "सपाट मैदानावर आपली जिंकण्याची शक्यता काढता येत नाही. काढायला आधी एकदा तरी जिंकावं लागतं."

घरी तिरक्याने जेवता जेवता ताईला सगळं सांगितलं. ताट त्याच्याकडून आपोआप कललं होतं.

"मग शिका की सपाट जागी खेळायला," ताई म्हणाली. "बाकीचं जग तेच करतं."

"चार दिवसांत?"

"तू चार दिवसांत सरळ बसायला शिकलास तरी आई पेढे वाटेल."

शनिवारी पाहुणा संघ आला. त्यांचा कॅप्टन उंच, गंभीर आणि कष्टाळू दिसत होता. हात मिळवताना तो हळूच म्हणाला, "आम्हाला तुमच्या मैदानाचं सगळं कळलंय. ऊन वगैरे सांगू नकोस. आम्ही पंधरवडाभर पाण्याच्या टाकीच्या चढावर प्रॅक्टिस केलीय."

तिरक्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. चेहरा त्याने विझलेलाच ठेवला.

"मग कठीण आहे आमचं," तो म्हणाला.

त्या कॅप्टनने मैदानावर नजर फिरवली. "दिसायला तर सपाट दिसतंय."

"नजरेला कळत नाही रे. पायाला कळतं. ज्याला खेळ कळतो त्याच्या पायाला."

पाहुण्यांनी जागच्या जागी दोन-दोन उड्या मारून पाहिल्या. 'मला काही कळत नाही' म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. एक जण तर म्हणाला, "हो, पोटरी ओढतेय."

पहिल्या हाफमध्ये पाहुणे आपल्या मते चढावर होते. त्यांनी असे काही दणके घातले, की चेंडू गोलच्या वरून लायब्ररीत जात राहिला. तिरक्याची पोरं सवयीने चेंडू अलगद सोडायची, तो दोन हातांवर जाऊन बसायचा. मध्यंतरापर्यंत गोल शून्य आणि ग्रंथपाल मैदानात.

दुसऱ्या हाफमध्ये पाहुण्यांचा उतार आला. त्यांनी चेंडूला नुसतं बोट लावल्यासारखं केलं आणि सगळे तिरक्याच्या गोलपाशी पळाले, चेंडूची वाट बघायला. तिथे आधीच 'गर्दी' होती. सगळं जग एका गोलसमोर दाटीवाटीने उभं, आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर एकटा.

"येईल," पाहुण्यांचा कॅप्टन म्हणाला.

"येईलच," तिरक्याचा गोलकीपर म्हणाला. त्यालाही मनापासून तसंच वाटत होतं.

तिरक्या गर्दीतून "जरा सरका, जरा सरका" करत बाहेर पडला आणि चेंडूकडे चालू लागला. पळाला असता तर कुणाला तरी शंका आली असती. लायब्ररीकडच्या गोलमध्ये त्याने उभ्या आयुष्यात चेंडू मारला नव्हता; किती जोर लावायचा, त्याला अंदाजच नव्हता. त्याने चेंडू गोलच्या बराच जवळ नेला आणि घाबरत घाबरत ढकलला.

समोर पाहुण्यांचा गोलकीपर कमरेवर हात ठेवून उभा होता. चढावर मारलेला इतका लेचापेचा फटका अर्ध्यातून माघारी जाणार, हे तो टाकीच्या चढावर पंधरवडाभर शिकला होता. त्याने चेंडूला जायला जागासुद्धा दिली. चेंडू त्याच्या शेजारून रमतगमत गेला आणि जाळीला टेकून थांबला.

गोलकीपर आणखी थोडा वेळ त्याच्या परत येण्याची वाट बघत राहिला. मग रेफरीची शिट्टी झाली.

सामना तेवढ्यावरच संपला. मॅडम शब्दाला जागल्या. मैदानात येऊन म्हणाल्या, "संघ राहिला. मैदान तुमचं. आणखी काही हवं असेल तर आत्ताच माग, मी खुशीत आहे."

तिरक्याने पुढच्या हंगामाचा विचार केला. घरच्या सगळ्या सामन्यांचा केला. मग तो अदबीने म्हणाला, "मॅडम, ती काढलेली माती कुठे टाकलीय?"