एक चमचा केळं

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हात मोठा सराईत, पण समोर नातेवाईक बसले की जीभ टाळ्याला चिकटायची. खात्यातले लोक म्हणत, बाईंना दहा पानं लिहायला सांगा, पण दोन वाक्यं बोलायला सांगू नका.

तापाने दगावलेल्या एकतीस जणांच्या अवयवांचा त्या अभ्यास करत होत्या. परवानगीसाठी बहुतेक घरी विनवण्या कराव्या लागल्या. फक्त एका शिवणकाम करणाऱ्या ताईने धाकट्या भावासाठी मुकाट्याने सही केली होती. आज ती अहवाल ऐकायला आली होती. बाहीला सुईदोरा टोचलेला तसाच होता.

बाईंनी घसा खाकरून सुरुवात केली. फुफ्फुसं ओल्या स्पंजासारखी जड, त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या, हृदय सुजलेलं, मूत्रपिंडांनी तर केव्हाच हात टेकलेले. ताई मान डोलावत होती, पण तिचं लक्ष नव्हतं हे कुणालाही कळलं असतं.

मग दोन महिने मनात दाबून ठेवलेलं ती भडाभडा बोलली. शेवटच्या सकाळी भाऊ भूक भूक करत होता. तोंडाने काही द्यायचं नाही, ठसका लागून छातीत जाईल, अशी वॉर्डात सक्त ताकीद होती. तरी सिस्टरची पाठ वळताच हिने केळं कुस्करून एक चमचा भरवला. तो खोकला. तासाभरात गेला.

"डॉक्टर, मीच मारलं ना त्याला?"

बाईंना खोट्या दिलाशाची भारी चीड. त्यांनी अहवालाची पानं उलटली, हवी ती ओळ दोनदा वाचली आणि खुर्ची ओढून ताईच्या शेजारी येऊन बसल्या.

"श्वासनलिका मी स्वतः उघडून पाहिली. स्वच्छ होती, केळ्याचा कणही नव्हता. गुठळ्या कितीतरी दिवस आधीच्या. तो त्या गुठळ्यांनी गेला, तुमच्यामुळे नाही."

एवढं ऐकून ती उठेल असं बाईंना वाटलं होतं. ती उठली नाही.

"मग केळं कुठे गेलं?"

"पोटात होतं. चमचाभर."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"म्हणजे खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "उपाशी नाही गेला."