न पाहिलेली किक

खिशातला फोन थरथरला तेव्हा ऑरिन हॉगन दुर्बिणीतून एका पोराचा डावा पाय बघत होता. पोराचं नाव डेव्हिन प्रुएट, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर, म्हणजे दोन खांबांमधून बॉल मारून गुण मिळवणारा. मध्यंतर झालं होतं, बाकीचा संघ आत गेला होता, आणि हा मैदानाच्या कडेला लावलेल्या जाळीत एकामागून एक बॉल मारत होता. ऑरिनने नाव न बघताच फोन कानाला लावला.

"मी बोलतेय," मार्लिस म्हणाली.

सामन्याच्या दिवशी त्याची बायको फोन करत नसे. ऑरिन एका व्यावसायिक क्लबसाठी गावोगाव फिरून कॉलेजची पोरं पारखायला लागला त्याला एकतीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत तिने दोनदा फोन केला होता, एकदा तळघरात पाणी शिरलं म्हणून आणि एकदा तिची आई गेली म्हणून.

"काय झालं?"

"तपासण्यांचं कळलंय. डॉक्टर म्हणतात, तू असताना बोलू." मग जरा थांबून म्हणाली, "सामना संपवून ये. एवढी घाई नाहीये."

पोट दुखतं म्हणून ती शुक्रवारी इस्पितळात दाखल झाली होती. पित्ताचे खडे असतील असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं, म्हणून तर तो सामन्याला आला होता. घाई नाही असं तिने म्हटलं आणि तो उठला. दुर्बीण, वही, थंड झालेली कॉफी. वरच्या काचेच्या कक्षात त्याच्या शेजारी इतर क्लबांची माणसं हॉट डॉग खात बसली होती, त्यांच्यातल्या कुणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. नोव्हेंबर होता, मका कापून झाला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती धसकटं दिसत होती. चार तास त्याने गाडी चालवली.

डॉक्टर तरुण होता. स्वादुपिंड हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलीय, असं त्याने नीट समजावून सांगितलं. मार्लिसने एकदा वर छताकडे पाहिलं, तिथल्या झडपेतून वारा येत होता. मग पुन्हा वर पाहिलं नाही. तिचे हात चादरीवर सैल पडले होते.

"बरं," ती म्हणाली. "मग आता पुढे काय करायचं असतं?"

डॉक्टर गेला. मग तिनेच विचारलं, "ज्या पोराला बघायला गेला होतास, त्याचं काय झालं?"

ऑरिनने फोनवर निकाल पाहिला. "जिंकले. शेवटच्या सेकंदाला. त्याने त्रेपन्न यार्डांवरून किक मारली."

"बघ. तू उठून आलास म्हणून गेली ती आत. तू बसला असतास तर पोराचे पाय लटपटले असते."

"हो, माझंच तोंड वाईट."

"चांगलं कधी होतं? रिपोर्ट लिहून टाक आधी. नाहीतर उद्या दिवसभर तोंड पाडून बसशील."

रविवारी दुपारपर्यंत रिपोर्ट पाठवायचा, हा क्लबचा नियम होता. सकाळी ती झोपली असताना ऑरिनने बाहेरच्या खुर्चीवर बसून तो लिहिला. मध्यंतराला उठून गेलो, असं त्याने कुठे लिहिलं नाही. खोटं लिहावं असंही काही ठरवलं नव्हतं. 'दडपणाखाली' असा एक रकाना होता, बोटं चालू होती, आणि एक परिच्छेद होऊन गेला. पाठवला आणि विसरला. पुढचे तीन महिने विसरायला पुष्कळ होतं. फेब्रुवारीत मार्लिस गेली.

एप्रिलमध्ये ड्राफ्टला तीन दिवस उरले असताना सगळे क्लबच्या मोठ्या खोलीत बसले होते. भिंतीवर नावांच्या चुंबकी पट्ट्या लावल्या होत्या. कॉलेजातून निघालेल्या पोरांना बत्तीस क्लब आळीपाळीने निवडतात, सात फेऱ्या होतात. पहिल्या दोन फेऱ्यांत जो चुकतो त्याला वर्षभर रस्त्यावरचा माणूससुद्धा शिव्या घालतो. प्रुएटची पट्टी दुसऱ्या फेरीत लावलेली होती. ती तिथे क्लबचा व्यवस्थापक रॉइस टॅन्डी याने स्वतः लावली होती.

"किकर," गस पेट्राकिस म्हणाला. किकरांना शिकवणं हेच त्याचं काम होतं, तरी त्याने हात जोडले. "रॉइस, टेबलावर मटण नाही आणि तू मोहरीच्या चटणीची बाटली निवडतोयस. आपल्याकडे बचावात दोन माणसं कमी आहेत."

"गेल्या वर्षी तीन सामने आपण किकवर हरलो, गस. तीन."

"मग सहाव्या फेरीत घे. नाहीतर फुकट घे. ड्राफ्टनंतर दहा किकर दारात येऊन उभे राहतात, त्यातला एक बरा निघतोच."

"मार्चमध्ये तूच बघून आलास ना याला? साठ यार्डांवरून मारत होता म्हणालास."

"रिकाम्या मैदानात. रिकाम्या मैदानात माझी सासूसुद्धा चाळीसवरून मारेल."

आकडे बघणारी केन्द्रा हसली. मग तिने आपला कागद वाचला. वरच्या फेऱ्यांत घेतलेले किकर आणि फुकट मिळालेले किकर, पाच वर्षांनी त्यांच्यात सांगण्यासारखा फरक उरत नाही. एका वर्षीचा अचूक किकर पुढच्या वर्षी अचूक राहील याचीही खात्री नाही. "पायात जोर सगळ्यांच्याच असतो," ती म्हणाली. "पायासाठी दुसरी फेरी घालवणं मला पटत नाही."

"मलाही नाही पटत," रॉइस म्हणाला. "मी पायासाठी घालवत नाहीये. ऐंशी हजार माणसं ओरडत असताना ज्याचं डोकं जागेवर राहतं, त्याच्यासाठी घालवतोय. ते तुझ्या आकड्यांत येत नाही. ते फक्त बघणाऱ्याला कळतं." त्याने पुढ्यातला कागद उचलला. "हे ऐका. ऑरिनने लिहिलंय."

आणि तो वाचू लागला. "त्याने एकदाच वर पाहिलं, वारा कुठून येतोय ते बघावं तसं. मग पुन्हा पाहिलं नाही. हात सैल होते. जे यायचं ते आपल्याच अंगावर येणार आहे हे त्याला कळलं होतं, आणि त्याबद्दल कुणावर राग नव्हता. पुढे काय करायचं एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. असा माणूस मी माझ्या कामात दुसरा पाहिलेला नाही."

गसने गाल फुगवून हवा सोडली.

ऑरिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मग पुन्हा डोक्यावर घातली. या रिपोर्टात न पाहिलेलं काहीतरी आपण लिहून ठेवलंय, हे त्याला पंधरा दिवसांपासून, पट्टी दुसऱ्या फेरीत चढल्यापासून, खुपत होतं. पण काय लिहिलंय ते त्याने परत काढून वाचलं नव्हतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला छतातली झडप दिसली, आणि चादर.

"ऑरिन, तुम्ही बोला," रॉइस म्हणाला. "तुम्ही तिथे होतात."

"पाय चांगला आहे," ऑरिन म्हणाला. तो पाणी प्यायला. "पाय फार चांगला आहे."

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. ऑरिन रॉइसच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. रॉइस सँडविचचा कागद सोडत होता.

"मी ती किक पाहिली नाही."

"कुठली?"

"त्रेपन्न यार्डांची. मध्यंतराला मार्लिसचा फोन आला. मी निघून गेलो."

रॉइसने सँडविच तसंच कागदावर ठेवलं. तो मार्लिसच्या अंत्यविधीला आला होता, कबरीपाशी बर्फात शेवटपर्यंत उभा राहिला होता. ते आठवून की काय, तो लगेच चिडला नाही.

"व्हिडिओ आहे ना?"

"काल बघितला. कॅमेरा गोलच्या खांबांवर आहे, मग प्रशिक्षकावर. पोराच्या तोंडावर हेल्मेट. काही दिसत नाही."

"म्हणजे तो तसाच उभा असेल, असंही असू शकेल."

"असू शकेल. मला ठाऊक नाही."

"मग हे कुणाचं लिहिलंत तुम्ही?"

ऑरिन खिडकीबाहेर बघत राहिला. खाली मैदानावर माळी पांढऱ्या रेघा मारत होता.

"मार्लिसचं," तो म्हणाला. "मलाही आज कळलं."

रॉइसने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. मग म्हणाला, "हा परिच्छेद काढला तर पोराला आपल्याकडे पाचव्या फेरीपर्यंत कुणी विचारणार नाही. कळतंय ना तुम्हाला? त्याने काही केलेलं नाही. त्याने किक मारली आणि ती गेली."

"कळतंय. म्हणून तर पंधरा दिवस गप्प बसलो."

"आणखी तीन दिवस बसला असतात तर मला कळलंही नसतं."

"बसणारच होतो. तू वाचून दाखवलंस."

"मी तुम्हाला कामावरून काढायला हवं, ऑरिन."

"हो."

"ड्राफ्ट झाल्यावर बोलू." रॉइस थकून खुर्चीत मागे रेलला. "पाच वाजता केन्द्रा सगळे रिपोर्ट छापायला घेते. त्याआधी तो नीट करून द्या. जे पाहिलंत तेवढंच ठेवा. त्यावर तुमचं नाव आहे, मी त्याला हात लावणार नाही."

ऑरिन आपल्या टेबलाशी आला, चष्मा लावला, रिपोर्ट उघडला. हजेरीच्या ओळीत लिहिलं, मध्यंतरापर्यंत. वाऱ्याचा वेग मध्यंतरानंतरचा होता, तो काढून मध्यंतरापूर्वीचा घातला. पाहिलेल्या किका मोजून लिहिल्या, सरावातल्या चौदा, जाळीतल्या धरल्या नाहीत, सामन्यातली एक. गुण दोनने उतरवले. एक बोट वापरून टाइप करायची त्याची जुनी सवय, त्यामुळे वेळ लागत होता.

साडेतीनच्या सुमाराला गस दारात येऊन टेकला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"खरंच उठून गेला होतास का, म्हाताऱ्या?"

"खरंच."

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, किकर नको म्हणून." गसने डोकं खाजवलं. "पण असं नको होतं जिंकायला. काही आणू का खायला? सकाळपासून पाण्यावर आहेस."

"नको."

"सूप आणतो," गस म्हणाला आणि आणलंही. टेबलाच्या कडेला ठेवलं, संगणकाच्या पडद्याकडे न बघता निघून गेला. त्यावर साय धरली तरी ऑरिनने चमचा उचलला नाही.

एकतीस वर्षांत त्याने हजारांवर पोरांबद्दल लिहिलं होतं. कोण आळशी, कोण बापाला घाबरतो, कुणाचा गुडघा दगा देईल. मार्लिसबद्दल त्याने कधी एक ओळ लिहिली नव्हती. अंत्यविधीच्या वेळी गावच्या वर्तमानपत्राला मजकूर हवा होता, तोही तिच्या बहिणीने लिहिला. त्यात जन्मगाव होतं, शाळा होती, चर्चमधल्या समितीचं नाव होतं.

त्याने परिच्छेदावर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खूण केली. सगळा निळा झाला. खूण काढली. पुन्हा केली.

पाच वाजता केन्द्रा येऊन टेबलासमोर उभी राहिली. "झालं का, ऑरिन? प्रुएटचाच राहिलाय."

हजेरी, वारा, किका, गुण, सगळं दुरुस्त झालं होतं. तेवढा परिच्छेद काढायचा राहिला होता.