दोन गनवर एकटा नवनाथ

फोटो मी काढला. आधीच सांगून टाकतो.

मी समर्थ. चाकणला एका कंपनीत वेल्डिंग लाइनवर कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. शिफ्ट सुटली की मोबाईलवर एक पेज चालवतो. खड्डे, पाणी, ट्रॅफिक, असल्या बातम्या. बातमी लिहायला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत आलं. आणि जे थोडं नीट आलं, ते कुलदीपदादांमुळे.

कुलदीपदादा पुण्यातले पत्रकार. त्यांनीच मला एकदा मेसेज केला होता, "तुझी कचऱ्याची बातमी वाचली. पहिली ओळ शेवटी टाकलीस, ती वर घे." तेव्हापासून मी प्रत्येक बातमी आधी त्यांना पाठवायचो. सांगवीला त्यांच्या घरी जेवलोय मी. प्रभावती वहिनी नको नको म्हणताना वाढायच्या.

मागच्या वर्षी दादांना परदेशातली फेलोशिप मिळाली. बारा देशांचे पत्रकार, विषय एकच. वेगवेगळ्या धर्माची माणसं एकत्र कशी राहतात.

"तुझ्या कंपनीत असं काही आहे का रे?" त्यांनी विचारलं. "भाषणवालं नको. खरंखुरं."

होतं. माझ्या शेजारीच होतं.

आमच्या लाइनवर सात नंबरची वेल्डिंगची गन नवनाथची आणि आठ नंबरची मुनाफची. नवनाथ इथलाच, खराबवाडीचा, माळकरी. मुनाफ पठाण जिंतूरचा. शुक्रवारी दुपारी मुनाफ नमाजला जायचा. तेवढा पाऊण तास नवनाथ दोन्ही गन चालवायचा. एकादशीला नवनाथ आळंदीला जायला तास-दीड तास लवकर निघायचा, तेव्हा दोन्ही गन मुनाफच्या. नियम एका गनला एक माणूस असा आहे. पण आमचे सुपरवायझर ज्योतीराम साहेब गेटपासवर सही करायचे आणि दुसऱ्या लाइनकडे बघत उभे राहायचे. चार वर्षं चाललं होतं. कुणी कुणाला थँक्यू म्हटल्याचं मी ऐकलं नाही. फक्त शिव्या.

"आलास का रे, किती लांबवलीस," नवनाथ म्हणायचा.

"तुझ्या कीर्तनापेक्षा आखूडच असती."

हे मी दादांना सांगितलं. त्यांनी परत एकदा सगळं सांगायला लावलं. मग म्हणाले, "समर्थ, हीच स्टोरी. नाव नाही, कंपनी नाही, माझा शब्द. मला फक्त डोळ्यासमोर यायला एक फोटो पाठव. बघून डिलीट करतो."

शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायला बंदी आहे. मी मोज्यात घालून नेला. शुक्रवारी नवनाथ दोन गनच्या मधे उभा होता, आठ नंबरवर मुनाफचं हेल्मेट लटकत होतं. काढला. चांगला आला होता, खोटं कशाला बोलू. पाठवताना मला भारी वाटत होतं.

दोन महिन्यांनी स्टोरी आली. इंग्रजीत. वर माझा फोटो, खाली कुलदीपदादांचं नाव. नवनाथचा चेहरा पुसट केला होता. मागचा बोर्ड तसाच. लाइनचं नाव, स्टेशन सात, स्टेशन आठ, सगळं वाचता येत होतं.

कुणीतरी ती लिंक एचआरला पाठवली. सोमवारी नवनाथ आणि मुनाफचं गेट बंद. कारण सेफ्टी. ज्योतीराम साहेबांना स्टोअरला टाकलं. फोटो कुणी काढला याची चौकशी झाली. मी मान खाली घालून गन चालवत राहिलो.

दादांना फोन केला.

"अरे, तिकडे फेलोशिपला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते," ते म्हणाले.

"दादा, दोघांची नोकरी गेली."

"चेहरा तर झाकलाय."

"तुम्ही डिलीट करणार होता."

"एडिटर फोटोशिवाय घेईनात रे. तू समजून घे, तूही या बातम्यांच्या लाइनमधला आहेस." मग लगेच, "एक करूया. यावर फॉलोअप होतो. दोघांना बोलतं कर."

मी फोन ठेवला. त्या माणसाला मी चार वर्षं पहिली ओळ दाखवून विचारत होतो, बरोबर आहे का.

तोवर इकडे वेगळंच झालं होतं. नवनाथच्या डोक्यात बसलं की मुनाफनेच पत्रकाराला मुलाखत दिली. घरचे म्हणाले, बघ, त्याच्या नमाजापायी तुझी भाकरी गेली. मुनाफ त्याच्या घरी गेला तर नवनाथ बाहेरच आला नाही. हे मला कॅन्टीनमध्ये कळलं.

रविवारी सकाळी महाळुंग्याला मुनाफच्या खोलीवर गेलो. तो गावाकडे जायला बॅग भरत होता.

"मुनाफभाई, फोटो मी काढला."

"माहितीय." त्याने शर्टाची घडी घातली. "नमाजहून आलो तवा तू मोबाईल मोज्यात घालायलास. दिसलं मला."

"मग नवनाथला का नाही सांगितलं?"

"त्याचा भाऊ थेट एचआरला गेला असता. तुझंबी गेट बंद. दोन गेले तेवढे बास की."

"नवनाथने तुमचंच नाव घेतलं."

"घेतलं." त्याने पुढचा शर्ट उचलला.

मी तिथेच नवनाथला फोन लावला. मुनाफ "ठेव, ठेव" म्हणत होता. मी सगळं सांगितलं. मोजा, दादा, बोर्ड. तिकडून नवनाथने विचारलं,

"मुनाफला ठावं व्हतं?"

"हो."

"त्यो हाय का तिथं?"

"हाय."

"त्याला दे."

मी फोन दिला. मुनाफ दाराबाहेर जाऊन बोलत बसला. आधी हळू, मग एक शिवी ऐकू आली, मग हसल्यासारखं काहीतरी. बऱ्याच वेळाने आत आला, फोन माझ्या हातात ठेवला आणि बॅगेतले शर्ट परत दोरीवर टाकायला लागला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"ते आमचं आहे," मुनाफ म्हणाला. "तू जा आता."